कामगार कपात (भारतीय कायदा)

कामगार कपात म्हणजे शिस्तभंगाची शिक्षा वगळता अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची सेवा संपुष्टात आणणे. भारतीय कामगार कायद्यात कपात आणि बडतर्फी या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. बडतर्फीसाठी कामगाराचे गैरवर्तन सिद्ध करावे लागते. कपातीत कामगाराचा कोणताही दोष नसतो. म्हणून कायद्याने त्याला आगाऊ नोटीस, नुकसानभरपाई आणि पुढील भरतीत प्राधान्य असे हक्क दिले आहेत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ या कायद्यात १९५३ साली कपातीविषयीच्या तरतुदी समाविष्ट झाल्या. १९७६ मध्ये मोठ्या आस्थापनांना कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. हा अधिनियम रद्द करून त्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कामगाराच्या उपजीविकेचे संरक्षण आणि उद्योगाला मनुष्यबळ कमी-अधिक करण्याची मुभा यांचा मेळ कसा घालावा, हा या कायद्याच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

## संज्ञा आणि प्रकार

नोकरी संपुष्टात येण्याचे किंवा काम थांबण्याचे पुढील प्रकार कायद्यात वेगवेगळे मानले जातात.

* बडतर्फी – सिद्ध झालेल्या गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून सेवा संपवणे.
* कपात – कामगार अतिरिक्त ठरल्यामुळे किंवा शिक्षेव्यतिरिक्त अन्य कारणाने सेवा संपवणे.
* कामबंदी – कोळसा, वीज वा कच्च्या मालाचा तुटवडा, मालाचा साठा पडून राहणे, यंत्रातील बिघाड अशा कारणांमुळे कामगाराला तात्पुरते काम न देणे. यात नोकरीचे नाते तुटत नाही. पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते.
* आस्थापना बंद करणे – उद्योग किंवा त्याचा भाग कायमचा बंद करणे.
* टाळेबंदी – औद्योगिक संघर्षात दबावाचे साधन म्हणून मालकाने कामाची जागा तात्पुरती बंद ठेवणे.

स्वेच्छानिवृत्ती, नियत वयोमानानुसार निवृत्ती आणि दीर्घकालीन आजारपणामुळे सेवा संपणे या बाबी कपातीच्या व्याख्येत येत नाहीत. ठरावीक मुदतीचा करार मुदत संपल्यावर नूतनीकृत न होणे हा अपवाद १९८४ च्या दुरुस्तीने जोडण्यात आला.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात नोकरी हा मालक आणि नोकर यांच्यातील खाजगी करार मानला जात असे. सामान्य दिवाणी कायद्यानुसार मालकाने करार मोडल्यास नोकराला फार तर नुकसानभरपाई मिळे. त्याला पुन्हा कामावर घेण्याची सक्ती न्यायालय करत नसे. औद्योगिक न्यायाधिकरणांच्या स्थापनेनंतर ही स्थिती बदलली. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन विरुद्ध औद्योगिक न्यायाधिकरण, मुंबई या खटल्यात फेडरल न्यायालयाने १९४९ मध्ये निर्णय दिला, की काढून टाकलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. नोकरी हा केवळ करार नसून त्यात सामाजिक न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे, ही भूमिका या निर्णयाने पुढे आली.

१९५३ मध्ये कापड गिरण्यांत मालाचे साठे वाढून कामगारांवर बेकारीचे संकट आले. या पार्श्वभूमीवर २४ ऑक्टोबर १९५३ पासून अधिनियमात ‘प्रकरण ५-अ’ लागू करण्यात आले. कामबंदी आणि कपात यांच्या भरपाईची देशभर लागू होणारी तरतूद त्यामुळे प्रथमच अस्तित्वात आली.

### बार्शी लाइट रेल्वे प्रकरण

या तरतुदींची पहिली मोठी कसोटी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेच्या प्रकरणात लागली. ही अरुंदमापी रेल्वे एका खाजगी कंपनीच्या मालकीची होती. १ जानेवारी १९५४ पासून ती शासनाच्या ताब्यात गेली. हस्तांतरणामुळे आपली सेवा संपत असल्याच्या नोटिसा कंपनीने कामगारांना दिल्या होत्या. त्यांना कपातीची भरपाई मिळावी की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये निकाल दिला, की चालू असलेल्या उद्योगातून अतिरिक्त कामगार कमी करणे म्हणजेच कपात होय. उद्योग खऱ्या अर्थाने बंद झाल्यास किंवा त्याची मालकी बदलल्यास ती कपात ठरत नाही.

या निकालामुळे बंद पडलेल्या उद्योगांतील कामगार भरपाईला मुकण्याची शक्यता निर्माण झाली. १९५७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि उद्योगाचे हस्तांतरण किंवा तो बंद होणे या दोन्ही प्रसंगी कामगारांना कपातीप्रमाणेच भरपाईचा हक्क देण्यात आला.

## कपातीच्या अटी

पुढील कलमांचे क्रमांक १९४७ च्या अधिनियमातील आहेत. या विषयावरील बहुतेक न्यायनिर्णय याच कलमांवर आधारलेले असून नव्या संहितेनेही त्यांतील मूळ तत्त्वे कायम ठेवली आहेत.

सलग सेवा (कलम २५-ब): मागील बारा महिन्यांत २४० दिवस, किंवा खाणीत जमिनीखाली काम असल्यास १९० दिवस, काम केलेला कामगार एक वर्षाच्या सलग सेवेला पात्र ठरतो. अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या मोजणीत वेतन मिळालेले रविवार आणि सुट्या धराव्या लागतात.

नोटीस व भरपाई (कलम २५-फ): पात्र कामगाराला कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी, तसेच सहा महिन्यांहून अधिक असलेल्या उर्वरित कालावधीसाठी, पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देय असते. शासनालाही सूचना द्यावी लागते.

उदाहरणार्थ, दरमहा २०,००० रुपये सरासरी वेतन असलेल्या कामगाराची सेवा १२ वर्षे ८ महिने झाली असेल, तर भरपाईसाठी ती १३ वर्षे धरली जाते. पंधरा दिवसांचे वेतन म्हणजे मासिक वेतनाचा अर्धा भाग, अर्थात १०,००० रुपये. त्यामुळे भरपाई १,३०,००० रुपये होते. नोटीस दिली नसल्यास २०,००० रुपये वेगळे द्यावे लागतात. ग्रॅच्युइटी हा स्वतंत्र हक्क असून तो या रकमेत समाविष्ट नसतो.

क्रम (कलम २५-ग): त्याच वर्गातील जो कामगार सर्वांत शेवटी कामावर आला, त्याची कपात सर्वांत आधी करावी, असा सर्वसाधारण नियम आहे. मालकाला तो मोडायचा असल्यास कारणे नोंदवावी लागतात. त्यासाठी कामगारांची ज्येष्ठता यादी तयार करून ती सूचना फलकावर लावणे आवश्यक असते. मर्जीतल्यांना ठेवून नको असलेल्यांना वगळण्यास या नियमामुळे आळा बसतो.

पुन्हा नोकरीत प्राधान्य (कलम २५-ह): मालकाने पुन्हा भरती केल्यास कपात झालेल्या कामगारांना संधी द्यावी लागते व इतरांपेक्षा त्यांना प्राधान्य मिळते.

### न्यायालयीन अन्वयार्थ

मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा (१९६०) हा खटला मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कक्षसेवकांच्या कपातीतून उद्भवला. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालात भरपाई देणे ही कपातीची पूर्वअट ठरवण्यात आली. ती पाळली नसल्यास कपातच निष्प्रभ ठरते आणि कामगाराची सेवा चालू असल्याचे मानले जाते.

भारतीय स्टेट बँक विरुद्ध सुंदर मनी (१९७६) या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी व्याख्येतील ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा व्यापक अर्थ लावला. त्यानुसार केवळ अतिरिक्त कामगारांनाच नव्हे, तर नेमणुकीची मुदत संपली म्हणून काढलेल्या हंगामी कर्मचाऱ्यालाही संरक्षण मिळाले. १९९० मध्ये पंजाब भूविकास महामंडळाच्या प्रकरणात घटनापीठाने हा व्यापक अर्थ कायम केला. मात्र तोपर्यंत १९८४ च्या दुरुस्तीने मुदतीचे करार व्याख्येतून वगळले गेले होते.

## पूर्वपरवानगीची तरतूद

आणीबाणीच्या काळात, ५ मार्च १९७६ पासून, अधिनियमात ‘प्रकरण ५-ब’ लागू झाले. ३०० किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी आणि मळे यांना कामबंदी, कपात किंवा आस्थापना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेणे बंधनकारक झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० कामगारांपर्यंत खाली आणली. ती २१ ऑगस्ट १९८४ पासून लागू झाली. या आस्थापनांत कपातीसाठी तीन महिन्यांची नोटीस आवश्यक होती, भरपाईचा दर मात्र तोच राहिला.

या बदलामुळे कायद्याचे स्वरूपच बदलले. १९५३ च्या तरतुदींनुसार कपात करायची की नाही याचा निर्णय मालकाचा होता. कायदा त्याची किंमत आणि पद्धत ठरवत होता. १९७६ नंतर मोठ्या आस्थापनांपुरता हा निर्णयच शासनाच्या तपासणीखाली आला.

या तरतुदींच्या घटनात्मक वैधतेवर तीन महत्त्वाचे निकाल आहेत.

* एक्सेल वेअर विरुद्ध भारत सरकार (१९७८): मुंबईतील कपडे तयार करणाऱ्या या कारखान्याला बंद करण्याची परवानगी नाकारण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने आस्थापना बंद करण्याविषयीचे कलम २५-ओ व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध घालणारे म्हणून रद्द ठरवले. परवानगी नाकारताना कारणे देण्याचे बंधन नसणे आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नसणे हे त्यातील प्रमुख दोष होते.
* मीनाक्षी मिल्स प्रकरण (१९९२): कपातीच्या परवानगीविषयीचे कलम २५-न वैध ठरले. परवानगीचा अधिकार अर्धन्यायिक स्वरूपाचा असल्याने दोन्ही बाजूंना ऐकून सकारण आदेश देणे आवश्यक आहे, असे न्यायालयाने म्हटले.
* ओरिसा टेक्सटाइल अँड स्टील प्रकरण (२००२): १९८२ मध्ये नव्याने लिहिलेले कलम २५-ओ वैध ठरवण्यात आले. त्यात सुनावणी, सकारण आदेश, पुनर्विलोकन आणि न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय होती. अर्जावर साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते, अशीही तरतूद होती.

## गैरवर्तनाबद्दल बडतर्फी

बडतर्फीची प्रक्रिया मुख्यतः औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालील स्थायी आदेशांतून आणि नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांतून विकसित झाली. सर्वसाधारणपणे कामगाराला आरोपपत्र दिले जाते. त्यानंतर अंतर्गत चौकशी होते; तीत त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि बचाव मांडण्याची संधी मिळते. चौकशी अधिकाऱ्याचे निष्कर्ष आल्यावर शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य आणि पूर्वीची वर्तणूक विचारात घेतली जाते. निलंबनकाळात पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि कामगाराच्या दोषाशिवाय चौकशी लांबल्यास पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो.

इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणातील (१९५८) निकालानुसार न्यायाधिकरण बडतर्फीत मोजक्याच कारणांसाठी हस्तक्षेप करू शकत असे. १९७१ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ११-अ ने हे चित्र बदलले. पुराव्याचा नव्याने विचार करण्याचा आणि बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. फायरस्टोन टायर कंपनीच्या प्रकरणात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराची व्याप्ती स्पष्ट केली. चौकशी सदोष ठरली तरी मालकाला न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करता येते, हेही या निकालात मान्य झाले.

१९६५ मध्ये जोडलेल्या कलम २-अ मुळे एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा किंवा कपातीचा वाद, संघटनेचा पाठिंबा नसला तरी, औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. २०१० च्या दुरुस्तीनंतर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनी कामगाराला थेट न्यायालयात जाण्याची सोय झाली.

## महाराष्ट्रातील कायदा

महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१ हा ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. सूडबुद्धीने काढणे, खोट्या आरोपांवरून किंवा उघड असत्य कारण देऊन काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय पायदळी तुडवणे आणि किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक वाटावी इतकी कठोर शिक्षा देणे या प्रथा त्यात मोडतात. बदली किंवा हंगामी कामगारांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे तसेच राबवणे हीदेखील अनुचित प्रथा आहे.

या कायद्यानुसार शासनाने वाद सोपवण्याची वाट न पाहता कामगाराला ९० दिवसांच्या आत स्वतः तक्रार दाखल करता येते आणि अंतरिम दिलासाही मागता येतो. १९९५ मध्ये हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी प्रत्यक्ष होण्यापूर्वी, ती प्रस्तावित असतानाही, अशी तक्रार करता येते असे ठरवले.

## पुनःस्थापना आणि मागील वेतन

बेकायदा ठरलेल्या बडतर्फीनंतर किंवा कपातीनंतर कामगाराला काय मिळावे, याबाबत न्यायालयांची भूमिका काळानुसार बदलत गेली. हिंदुस्थान टिन वर्क्स प्रकरणात (१९७८) पुनःस्थापना आणि संपूर्ण मागील वेतन हा सामान्य नियम मानला गेला. २००० नंतरच्या अनेक निकालांत तो शिथिल झाला. हरियाणा राज्य कृषी पणन मंडळाच्या प्रकरणात (२००९) रोजंदारीवरील कामगाराला पुनःस्थापनेऐवजी एकरकमी भरपाई देणे योग्य मानले गेले. महाराष्ट्रातील क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात (२०१३) मात्र न्यायालयाने मागील वेतनाच्या मूळ तत्त्वाचा पुनरुच्चार केला. मालकाच्या बेकायदा कृतीमुळे झालेल्या न्यायालयीन विलंबाचा भुर्दंड कामगारावर पडू नये, असे त्यात नमूद आहे.

विलंब ही या क्षेत्रातील मोठी अडचण आहे. एका कामगाराच्या वादाचा निवाडा तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद १९४७ च्या अधिनियमात करण्यात आली होती, पण व्यवहारात खटले अनेक वर्षे चालत राहिले. विलंबाची झळ दोन्ही बाजूंना बसते: कामगार उत्पन्नाविना राहतो आणि मालकावरील मागील वेतनाचा संभाव्य बोजा वाढत जातो. उच्च न्यायालयात प्रकरण प्रलंबित असताना पुनःस्थापनेचा आदेश मिळालेल्या बेरोजगार कामगाराला शेवटचे वेतन चालू ठेवण्याची तरतूद कलम १७-ब मध्ये करण्यात आली.

## न्याय्यता आणि कार्यक्षमता यांविषयीचा वाद

पूर्वपरवानगीच्या तरतुदीवर १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर विशेष चर्चा झाली. टीकाकारांच्या मते मागणी घटली किंवा तंत्रज्ञान बदलले तरी मनुष्यबळ कमी करता येत नसल्याने उद्योजक कायम कामगार नेमण्यास कचरतात, कारखाने मर्यादेच्या खाली ठेवतात आणि कंत्राटी कामगारांवर भर देतात. अर्थतज्ज्ञ टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्गेस यांच्या २००४ च्या अभ्यासात, राज्यांनी केलेल्या कामगारधार्जिण्या दुरुस्त्यांचा संबंध नोंदणीकृत उद्योगांतील उत्पादन व रोजगाराच्या मंद वाढीशी जोडण्यात आला. आदित्य भट्टाचार्जी यांनी या अभ्यासातील दुरुस्त्यांच्या वर्गीकरणाच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले.

कामगार संघटनांच्या मते नोकरी गेल्यावर आधार देणारी व्यापक बेकारी विमा व्यवस्था देशात नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत मर्यादित काळासाठी बेकारी भत्ता मिळतो, परंतु तो विमाधारकांपुरताच असतो. अशा स्थितीत नोकरीचे संरक्षण हेच सामाजिक सुरक्षेचे काम करते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय हे संरक्षण संघटित क्षेत्रातील कायम कामगारांपुरते मर्यादित राहते. स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात (२००१) कंत्राटी पद्धत बंद केल्यावर कंत्राटी कामगार मूळ मालकाच्या सेवेत आपोआप सामावले जात नाहीत, असा निर्णय झाला. त्यामुळे एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी काम करणाऱ्या दोघांच्या संरक्षणात मोठी तफावत राहू शकते.

कायदा आणि वास्तव यांतील अंतर मुंबईच्या कापड गिरण्यांतही दिसून आले. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या पूर्ण क्षमतेने पुन्हा चालू झाल्याच नाहीत. हजारो कामगारांची नोकरी कपातीच्या रीतसर आदेशाशिवाय गेली, तर पुढे अनेक जण स्वेच्छानिवृत्ती योजनांतून बाहेर पडले.

केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी २००१ च्या अर्थसंकल्पी भाषणात परवानगीची मर्यादा १,००० कामगारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. ती प्रत्यक्षात आली नाही. रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने २००२ मध्ये कपातीसाठी पूर्वपरवानगीची अट काढावी, पण भरपाई वाढवावी, अशी शिफारस केली. राजस्थानने २०१४ मध्ये आपल्या राज्यापुरती ही मर्यादा ३०० केली.

## औद्योगिक संबंध संहिता, २०२०

या संहितेने पूर्वपरवानगीची मर्यादा देशभर ३०० कामगारांवर नेली आणि ती अधिसूचनेद्वारे आणखी वाढवण्याचा अधिकार शासनाला दिला. स्थायी आदेशांची सक्तीही ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती राहिली. एक महिन्याची नोटीस, पंधरा दिवसांच्या दराने भरपाई आणि शेवटी आलेल्याची कपात प्रथम हे नियम कायम आहेत. पुन्हा नोकरीतील प्राधान्याला मात्र एक वर्षाची मुदत घालण्यात आली.

संहितेने पुनर्कौशल्य निधी स्थापन करण्याची तरतूद केली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या दराने पंधरा दिवसांची रक्कम या निधीत भरायची असते आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची असते. वरील उदाहरणातील कामगाराला त्यामुळे आणखी सुमारे १०,००० रुपये मिळतील. ठरावीक मुदतीच्या नोकरीला संहितेने थेट मान्यता दिली आहे. अशा कामगाराला कायम कामगारांइतकेच वेतन व लाभ द्यावे लागतात, परंतु मुदत संपल्यावर सेवा संपणे ही कपात ठरत नाही.

समर्थकांच्या मते या बदलांमुळे मध्यम आकाराच्या उद्योगांना विस्तार करणे सोपे होईल. विरोधकांच्या मते १०० ते २९९ कामगारांच्या आस्थापनांत काम करणाऱ्यांचे जुने संरक्षण गेले असून, त्या बदल्यात मिळणारी पंधरा दिवसांच्या वेतनाची जोड अपुरी आहे.

## अन्य देशांतील पद्धती

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या करार क्रमांक १५८ नुसार कामगाराची क्षमता, वर्तन किंवा उद्योगाची गरज यांपैकी वैध कारणाशिवाय नोकरी संपवता येत नाही. भारताने हा करार स्वीकारलेला नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत भेदभावासारखे अपवाद वगळता मालक कारण न देता नोकरी संपवू शकतो. जर्मनीत १९५१ च्या कायद्यानुसार कपातीसाठी निवड करताना सेवेचा काळ, वय आणि कुटुंबाची जबाबदारी यांचा विचार करावा लागतो. डेन्मार्कमध्ये कपात तुलनेने सोपी असून तिला उदार बेकारी भत्ता व प्रशिक्षणाची जोड दिलेली आहे.

## हे सुद्धा पहा

* औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७
* औद्योगिक संबंध संहिता, २०२०
* बार्शी लाइट रेल्वे
* मुंबईतील गिरणी कामगारांचा संप
* आंतरराष्ट्रीय श्रम संघटना